आधी उजेड, मग रंग

लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या शालूचा रंग जरा इकडेतिकडे झाला की तिची आई दुसऱ्या दिवशी दुकानात हजर होते. "भाऊ, शालू मोरपंखी होता, तुम्ही निळा करून टाकला." शालू तिनं स्वतः चार दुकानं फिरून आणलेला असतो, तिच्यापुढे आपलं सॉफ्टवेअर चालत नाही. तेजोमेघाच्या फोटोला अशी आई नाही. गुलाब तेजोमेघ सोनेरी करा, जांभळा करा, पोपटी करा, तक्रार घेऊन कोणी यायचं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलसारख्या तालुक्याच्या गावात वर्षानुवर्षं फोटो स्टुडिओ चालवून ग्राहकाच्या धाकात रंग लावायची सवय अंगात मुरली होती. नॅरोबँडच्या नादी लागलो तेव्हा ही मोकळीक आधी चैनीची वाटली, मग जड जायला लागली. विचारणारं कोणी नसलं की काय विचारायचं तेही आपल्यालाच ठरवावं लागतं.

माझ्या गच्चीवर चालतं ते थोडक्यात असं. कॅमेरा मोनो, म्हणजे रंग न ओळखणारा. त्याच्यापुढे फिरती चकती आणि चकतीत तीन फिल्टर. प्रत्येक फिल्टर प्रकाशाची एक बारीक फट तेवढी उघडी ठेवतो, तीन ते सात नॅनोमीटर रुंदीची, म्हणून नाव नॅरोबँड. एकातून हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश येतो, तो एच-अल्फा. दुसऱ्यातून दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा ५००.७ चा हिरवट निळा येतो, तो ओ-थ्री. तिसऱ्यातून गंधकाचा, ६७२ च्या आसपासचा, एच-अल्फाहूनही गडद तांबडा, तो एस-टू. पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर रात्रभर घ्यायची, डार्क (झाकण लावून घेतलेली एक्स्पोजर) आणि फ्लॅट (सपाट उजेडाची) लावून ती साफ करायची, स्टॅक करायची, म्हणजे एकावर एक रचून मिळवायची. हाती येतात तीन काळेपांढरे फोटो. रंग त्यांत कुठेच नसतो. तो नंतर आपण वाटतो.

वाटणीची रूढ पद्धत हबल दुर्बिणीमुळे पडली. १९९५ साली जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या खगोलशास्त्रज्ञांनी गरुड तेजोमेघातल्या, म्हणजे एम-१६ मधल्या, त्या तीन खांबांचा फोटो केला. गंधक तांबड्यात, हायड्रोजन हिरव्यात, ऑक्सिजन निळ्यात. (त्याच वर्षी आमचा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला, माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच खणात बसल्यात.) वास्तवात हायड्रोजन आणि गंधक दोन्ही तांबडे. जसंच्या तसं दाखवायचं तर दोघांत फरकच दिसणार नाही. फरक दिसावा म्हणून एकाला हिरव्यात ढकललं. शास्त्रज्ञाला ते सोयीचं होतं, जगाला ते सुंदर वाटलं, आणि तेव्हापासून आमच्यासारखे हौशी लोक त्या सोनेरी-निळ्याच्या मागे आहेत.

"हा रंग खरा का जी?" हा प्रश्न मला दुकानात, शाळेत, नातेवाइकांच्या घरी सगळीकडे येतो. पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचो. आता सांगतो, रंग मी दिलेला, पण कुठं किती उजेड आहे ते खरं. माझ्या मते या छंदात शिकण्यासारखं जे आहे ते बहुतेक या दुसऱ्या अर्ध्यात आहे. रंगाची म्हणून जी भांडणं आम्ही भांडतो, त्यांतली बरीचशी मुळात उजेडाची असतात.

अंधार आमच्याकडे भरपूर आहे, पण फुकट नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडचं आकाश त्याहून उणं नाही असं माझं मत आहे. पण मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा पट्टा वाघाच्या हल्ल्यांमुळे दर वर्षी बातम्यांत असतो. गडचिरोलीच्या उत्तरेत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप फिरतो. ताऱ्यांखाली खुर्ची टाकून थर्मासमधला चहा पीत बसायचं वर्णन पुण्यामुंबईच्या माणसानं लिहावं. इथं माउंट, म्हणजे आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा आधार, स्लॅबवर लावायचा, ध्रुवाशी जुळवून घ्यायचा, फिल्टरांचा क्रम लावून द्यायचा आणि खाली येऊन दार लावून घ्यायचं. मोबाइलवर गायडिंगचा आलेख बघत झोपायचं. लाइट गेली तर इन्व्हर्टरची बॅटरी आहेच.

अंधार असला तरी हवा स्वच्छ असतेच असं नाही. मूलमध्ये राइस मिल पुष्कळ. नोव्हेंबरात धान निघालं की मिल जोरात चालतात आणि कोंड्याची काळी राख गच्चीवर उतरते. तिचा एक कण फिल्टरवर बसला की फोटोत मेदूवड्यासारखी करडी कडी उमटते. तीनही फिल्टरांवरचे कण वेगवेगळ्या जागी, त्यामुळे फ्लॅट नीट नसेल तर रंग मिळवल्यावर एक कडी हिरवी, एक जांभळी, एक निळी दिसते. बघणाऱ्याला वाटतं रंग बिघडलाय. बिघडलेला असतो उजेड, दोन-तीन टक्क्यांनी, एकाच चॅनेलमध्ये, एकाच जागी.

पश्चिमेला चंद्रपूर. तिथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. वीज केंद्र, खाणी आणि शहराचे दिवे मिळून त्या क्षितिजावर रात्रभर एक फिकट पट्टा असतो. जुने सोडियमचे पिवळे दिवे नॅरोबँडला फारसे त्रास देत नसत, कारण त्यांचा प्रकाश ५८९ च्या आसपास, आमच्या तिन्ही फटींच्या बाहेर. एलईडीचा प्रकाश मात्र सगळीकडे पसरलेला. थोडा का होईना प्रत्येक फटीतून आत येतो, ओ-थ्रीमध्ये सगळ्यात जास्त. मग मावळतीकडे झुकलेल्या तेजोमेघाच्या फोटोत एका कोपऱ्याला निळसर झाक येते. ती झाक रंग मिळवल्यानंतर काढायला गेलं की ऑक्सिजनचा खरा प्रकाशही तिच्याबरोबर जातो. तिन्ही फोटो काळेपांढरे असतानाच, स्ट्रेच करायच्याही म्हणजे फिकट छटा वर उचलायच्याही आधी, प्रत्येकातला उजेडाचा उतार वेगळा काढून टाकावा लागतो. त्यासाठी ग्रॅक्सपर्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि चांगलं काम करतं. मी पैसे भरून पिक्सइनसाइट घेतलंय, तरी या कामाला पुष्कळदा ग्रॅक्सपर्टच उघडतो.

नवख्या माणसाला सगळ्यात आधी गाठतो तो हिरवा. तेजोमेघात हायड्रोजनचा प्रकाश बाकी दोघांपेक्षा बहुधा कितीतरी पट जास्त. हबलच्या पद्धतीनं तो हिरव्यात टाकला की अख्खा फोटो धानाच्या बांधीसारखा हिरवागार. सगळे करतात तेच मीही करत असे: हिरवा काढून टाकायची एक तयार आज्ञा आहे, एससीएनआर, ती चालवायची. हिरवा जातो, सोनेरी उमटतं, मन खूश होतं. पण फोटो निर्जीव दिसतो. ढगांच्या कडा, घड्या, पुढे आलेले कंगोरे सगळं सपाट.

हे असं का होतं ते मला एका संध्याकाळी आकडे समोर ठेवल्यावर कळलं, आणि माझ्या कामाची दिशा तिथून बदलली. पडद्यावर पांढरा दिसतो तेव्हा त्यातला सुमारे ७२ टक्के उजेड हिरव्याचा असतो, २१ टक्के तांबड्याचा आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के. हे आपल्या डोळ्याचं गणित आहे, कंपनीचं नाही. पडदे त्याला धरून बनवलेले असतात. म्हणजे हिरवा हा तीन रंगांतला एक नव्हे, बहुतेक उजेड तोच वाहतो. तो कापला की जिथं नुसता हायड्रोजन होता तिथला उजेडच कापला जातो. आणि आकार तर उजेडावरच उभे असतात. त्या आज्ञेच्या खिडकीत उजेड राखण्याची एक छोटी चौकट असते. तिच्यावर खूण केली की उजेड राहतो, पण रंग धुतल्यासारखा फिका पडतो. फुकट काहीच मिळत नाही.

निळ्याचं दुखणं उलटं. ऑक्सिजन कितीही कष्टानं टिपला तरी निळ्यात टाकला की तो सात टक्क्यांत जमा. आकड्यात तो हायड्रोजनच्या बरोबरीला आणला तरी डोळ्याला मागेच वाटतो. म्हणून मी आता शुद्ध निळा देत नाही. ऑक्सिजनचा थोडा वाटा हिरव्यातही टाकतो. मोरपंखीकडे झुकलेला तो रंग वर उठून येतो. गंमत म्हणजे ५००.७ चा प्रकाश मुळात जवळजवळ तसाच दिसतो.

या प्रकाशाचा इतिहास मला फार आवडतो. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तर त्यात हिरव्या रेषा. पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या. मग 'नेब्युलियम' नावाचं नवीनच मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ साली आयरा बोवेन यांनी उलगडा केला: हा आपल्या श्वासातलाच ऑक्सिजन, फक्त इतक्या विरळ जागी की अणूला दुसऱ्या अणूचा धक्का लागायच्या आत निवांत प्रकाश सोडायला सवड मिळते. आपल्या हवेत ती सवड कधीच मिळत नाही. तेव्हा ओ-थ्रीच्या काळ्यापांढऱ्या फोटोत जो भाग उजळ दिसतो, तिथं अतिविरळ वायू आहे आणि त्याचे दोन-दोन इलेक्ट्रॉन उडवण्याइतका तापट तारा जवळपास आहे, एवढी माहिती त्या उजेडात भरलेली असते. तिला कुठला रंग द्यायचा हा माझा प्रश्न. पण ती दडपायचा अधिकार मला नाही.

गुलाब तेजोमेघानं हे मला नीट शिकवलं. हिवाळ्यात तो इथून जवळजवळ डोक्यावर येतो, हवा त्या मानानं बरी असते, म्हणून तो मी पुन्हापुन्हा टिपलाय. मधोमध तरुण, तापट ताऱ्यांचा पुंजका. त्यांच्या वाऱ्यानं मधली जागा पोकळ केलेली. भोवती हायड्रोजनचं जाड कडं, आणि पोकळीच्या आतल्या बाजूनं ऑक्सिजनचा निळसर थर. हौशी मंडळींत एक सल्ला फिरतो: एच-अल्फा सगळ्यात स्वच्छ, तर उजेड त्याचा घ्या आणि रंग बाकीच्यांचे वरून पसरा. कडं त्यानं सुरेख येतं, एकेक घडी कोरल्यासारखी. पण आतल्या पोकळीत हायड्रोजन थोडा, म्हणजे त्या उसन्या उजेडात तिथं अंधार. ऑक्सिजनचा रंग त्या अंधारावर पसरला की तो निळा राहत नाही, मळकट राखाडी होतो. मग लोक सॅच्युरेशन वाढवतात. त्यानं मळ जास्त रंगीत होतो, एवढंच.

यावर उपाय साधा आहे, पण वेळखाऊ. स्टारनेटसारख्या साधनानं तारे बाजूला काढून तिन्ही काळेपांढरे फोटो शेजारी शेजारी लावतो. रंगाचा विचार त्या दिवशी करायचाच नाही. प्रत्येकाची पार्श्वभूमी एकाच करड्या पातळीवर आहे का, सगळ्यात उजळ भाग जळाला तर नाही, मधल्या छटा कुठवर उचलल्या तर दाणे, म्हणजे नॉइज, दिसायला लागतात, एवढंच बघत बसतो. एच-अल्फा हात आखडता घेऊन स्ट्रेच करायचा, ओ-थ्री आणि एस-टू धीर करून. उजेडाचा थरही एकट्या हायड्रोजनचा न करता तिघांच्या मिश्रणाचा करायचा, ज्या जागी जो उजळ त्याला तिथं मान. हे जमलं की दुसऱ्या दिवशी रंग मिळवायला अर्धा तास पुरतो. हिरवा काढायची आज्ञा द्यावी लागलीच तर ती अर्ध्या जोरानं.

तारे बाजूला का काढायचे तेही उजेडाचंच प्रकरण. तारा तिन्ही फिल्टरांतून साधारण सारखाच प्रकाश पाठवतो, कारण तो सगळ्या रंगांत चमकतो. तेजोमेघाच्या बाबतीत हायड्रोजन भारी. तेजोमेघ समतोल दिसावा म्हणून गंधक आणि ऑक्सिजनला आपण वर उचललं की त्याच पट्टीनं ताऱ्यांचा तांबडा आणि निळाही वर जातो, हिरवा मागे राहतो, आणि आकाशभर जांभळी-गुलाबी टिकली उमटते. नॅरोबँडच्या फोटोतली ही टिकली ओळखीची खूण झाली आहे. काही जणांना ती खपते. मला नाही खपत. लग्नाच्या फोटोत डोळ्यांचे लाल ठिपके पुसण्यात उमेदीची वर्षं गेलीत. मी त्याच रात्री साध्या तांबड्या-हिरव्या-निळ्या फिल्टरांतून थोडी लहान एक्स्पोजर घेतो आणि तारे त्यांतून आणून बसवतो. लहान अशासाठी की ताऱ्याचा मधला भाग जळता कामा नये. जळलेल्या पिक्सेलला रंग नसतो, तो पांढराच.

या जळण्याचा धडा आमच्या भागाला एकदा सामुदायिक मिळाला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून आगीचे लोळ रांगेनं गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. पुढच्या दिवसांत आजूबाजूला धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा तो टप्पा होता. गावात दुर्बीणवाला म्हणून मी ओळखीचा, त्यामुळे माझ्या मोबाइलवर व्हिडिओंचा पूर आला. एका व्हिडिओत लोळ पांढरेशुभ्र, एकात केशरी, एकात पिवळे आणि शेपटी तेवढी तांबडी. आपण प्रत्यक्ष पाहिलेला रंग कोणता यावर माणसं हमरीतुमरीवर आली. ज्याच्या फोननं एक्स्पोजर जास्त धरलं, त्याच्या व्हिडिओत डोकं जळून पांढरं. ज्याच्या फोननं कमी धरलं त्याच्याकडे केशरी टिकला. रंगाचा वाद म्हणून आलेला तो मामला एक्स्पोजरचा निघाला.

मार्च-एप्रिलमध्ये इथं आणखी एक भानगड होते, जी परदेशी पुस्तकांत सापडायची नाही. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम, अधूनमधून वणवे. रात्री जंगलावर धुराचा पातळ थर असतो. डोळ्याला आकाश काळंच वाटतं, तारेही दिसतात. पण धूर निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जास्त विखुरतो. एच-अल्फा आणि एस-टू बऱ्यापैकी येतात, ओ-थ्री मार खातो. त्या दिवसांत केलेल्या फोटोंत सोनं फार आणि निळा अशक्त. धुराच्या महिन्यात टिपलेला तोच तेजोमेघ पुढच्या वर्षी फेब्रुवारीत टिपला तर ऑक्सिजन केवढा तरी फुललेला. तेजोमेघ तोच, हवा वेगळी. तेव्हापासून वर्षाची वाटणी मी केली आहे: चंद्र नसलेल्या, धूर नसलेल्या रात्री सगळ्या ऑक्सिजनला. चांदणंही निळ्यालाच जास्त खातं. हायड्रोजन आणि गंधक यांना अष्टमी-नवमीचा चंद्र चालतो, थोडा धूरही चालतो. तासांचा हिशेबही तसाच, एच-अल्फाच्या दुप्पट ओ-थ्रीला. दाणे निम्मे करायचे तर वेळ चौपट लागतो, त्यात सवलत नाही.

एम-१६ चा हट्ट तर मी जवळजवळ सोडून दिला होता. तो मध्यरात्री माथ्यावर यायचे दिवस जूनअखेरचे, आणि तेव्हा इथं पाऊस. उरतात एप्रिल-मेच्या पहाटा. चंद्रपूरचा मे काय असतो ते सांगायला नको. पहाटेही पारा तिशीखाली उतरायला तयार नसतो. माझा कॅमेरा सेन्सर हवेपेक्षा पस्तीसेक अंशांनी थंड करू शकतो. हिवाळ्यात उणे दहा सहज, मेमध्ये शून्य गाठलं तरी पंखा कण्हत असतो. सेन्सर जितका गरम तितके दाणे जास्त, आणि दाणे आधी गिळतात ते फिक्या चॅनेलला, म्हणजे पुन्हा ऑक्सिजन-गंधकाला. शून्य अंशांचे डार्क वेगळे करून ठेवलेत. काही उन्हाळ्यांचा माल एकत्र केल्यावर कुठं ते खांब नीट उभे राहिले. हबलच्या फोटोशी माझा रंग जुळत नाही. जुळवायचा प्रयत्नही केला नाही. तसा निळा माझ्या मालात नव्हताच, आणि नसलेला उजेड रंगानं भरायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय.

हे लिहितोय खरं, पण आजकाल अशी साधनं निघाली आहेत की एका टिचकीत दाणे जातात, कडा धारदार होतात, नसलेल्या घड्या दिसायला लागतात. दाणे कमी करणारं साधन मी बेतानं वापरतो. धार लावणाऱ्याबद्दल माझं मत कडक आहे: मूळ स्टॅकमध्ये जे दोनशे टक्के मोठं करून दिसत नाही, ते शेवटच्या फोटोत दिसता कामा नये. हौशी माणसाचा माल कधीकधी शास्त्रज्ञाच्याही कामी येतो. २०२२ साली मार्सेल ड्रेक्सलर, झाव्हिए स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींना देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ओ-थ्रीची एक मोठी कमान सापडली. जगात सगळ्यात जास्त फोटो निघतात त्यांतली ती दीर्घिका, आणि तिच्या बगलेत हे कोणाला दिसलं नव्हतं. शंभरावर तासांचं एक्स्पोजर लागलं. त्यांनी ती फिकट कमान धूळ समजून पुसली असती तर?

रंग दाखवायचा कुठं हाही तिढा आहे. गडचिरोलीच्या वाटेवर एका चौकीवर माझी माउंटची पेटी उघडायला लावली होती. तिथली पद्धतच आहे, आणि तिपाई, लांब नळी, वायरी हे सगळं रात्री गाडीत बघून कोणीही विचारणारच. मोबाइलवर फोटो दाखवले. एका तरुण जवानानं स्वतःच्या फोनवर मागून घेतला आणि उघडला, तर माझा मवाळ सोनेरी तेजोमेघ तिथं भडक केशरी होऊन पेटलेला. त्याच्या फोनचा पडदाच तसा लावलेला. "साहेब, तुमच्यापेक्षा माझ्यावर भारी दिसून राहिला," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

जिल्हा परिषदेच्या एका शाळेला विज्ञान प्रदर्शनासाठी फ्लेक्स करून दिला, तेव्हाचं उलटं. पडद्यावर पार्श्वभूमी मी नेहमी काळीकुट्ट न ठेवता गडद करडी ठेवतो. फिकट धागे तिच्यातच असतात. फ्लेक्सच्या मशीनवर तो करडा आणि काळा एकच झाला, निळा बसला, तांबडा तेवढा उरला. छापणाऱ्यानं समजूत घातली, "रात्रच आहे ना भाऊ, काळी तर दिसणारच." दुसऱ्या खेपेला रंगाला हातच लावला नाही. मधल्या छटा पडद्यावर बटबटीत दिसतील इतक्या वर उचलल्या, काळा बिंदू, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं काळंच दिसतं ती पातळी, अलीकडे आणला. छापून आलं तेव्हा गुरुजी म्हणाले, रंग छान आले यावेळी.

गेल्या काही वर्षांत मार्च लागला की सिरोंच्याकडे जातो, कॅरिना तेजोमेघासाठी. उत्तर भारतातून तो धड दिसत नाही. मूलहून क्षितिजाच्या वर दहा अंश येतो, सिरोंच्याहून अकरा-साडेअकरा. तेवढ्या एका अंशासाठी दोनशे किलोमीटर जायचं म्हणजे खुळेपणा, असं घरचे म्हणतात. त्या उंचीवर प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा पाचपट हवेतून येतो. दक्षिणेला नदीपलीकडे तेलंगणातले दिवे, आणि दिवस मोहाचे, म्हणजे धूर आलाच. एच-अल्फा तिथून देखणा मिळतो. ओ-थ्री दर वर्षी थोडा थोडा साठवतोय.

मागच्या खेपेला ज्यांच्या अंगणात माउंट लावला होता त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा रात्रभर लॅपटॉपपाशी होता. सकाळी मी कॅरिनाचे तिन्ही काळेपांढरे स्टॅक त्याच्या पेनड्राइव्हवर दिले आणि सिरिल टाकून दिलं. ते फुकट मिळतं. महिनाभरानं त्यानं त्याचा फोटो पाठवला. ऑक्सिजन तांबड्यात, हायड्रोजन निळ्यात, गंधक हिरव्यात. हबलचं सगळं उलटंपालटं. फोनवर विचारलं, असं का? तर म्हणाला, "मले असाच आवडला जी." रंगावर मी काही बोललो नाही. त्यानं काळा बिंदू मात्र फार कापला होता, खालच्या डाव्या बाजूचा फिकट झोत पार गायब. तेवढा परत उचलायला लावला. दोन दिवसांनी नवा फोटो आला, झोतासकट, रंग त्याचेच.